बागेतलं लग्न, कचेरीतली सही

इंग्लंडच्या खेड्यात घरच्या बागेत लग्न करायचं, तर तयारीला आदल्या ऑक्टोबरपासूनच लागावं लागतं. तेव्हा पेरलेल्या स्वीट पीच्या वेलांना जूनमध्ये फुलं येतात. ती ठेवायला जॅमच्या रिकाम्या बरण्या जमवायच्या, जुन्या सुती कपड्यांच्या त्रिकोणी पताका शिवायच्या, कुंपणाकडेच्या एल्डरच्या पांढऱ्या फुलांचं लिंबू-साखर घालून सरबत करायचं. केक मावशीच्या हातचा. पावसाचा नेम नाही, म्हणून तंबू हवाच!

सगळं घरचं; फक्त कायदा घरचा नाही. तिथे विवाह मान्यताप्राप्त जागीच लागतो. हॉटेलं, जुने वाडे यांना १९९५ पासून परवाने मिळू लागले. २०२१ पासून त्यांच्या आवारात उघड्यावरही लग्नं लागू लागली. घरच्या बागेला मात्र ती मुभा मिळाली नाही. ज्यू आणि क्वेकर पंथीयांना तेवढी सूट आहे. जागेचं हे बंधन काढावं, अशी शिफारस तिथल्या विधी आयोगाने २०२२ मध्ये केली.

म्हणून वधूवर आधी नोंदणी कचेरी गाठतात. किमान २८ दिवस आधी सूचना आणि लग्नाला दोन साक्षीदार लागतात. ही फेरी टाळली, तर बागेतल्या शपथा कितीही मनापासून घेतलेल्या असोत, कायद्याने दोघं पती-पत्नी ठरत नाहीत. एकाचं बरंवाईट झालं, की वारसाहक्काच्या वेळी ते कळतं.

इंग्लंडमधल्या मराठी घरांनाही हाच नियम. परसात मांडव घालून सप्तपदी झाली, तरी सही वेगळीच. तेव्हा पताका सावकाश शिवाव्यात. पण कचेरीची तारीख आधी घ्यावी.