फळ्यासमोर कोण उभं आहे?

मशीन लर्निंगच्या वर्गांत वर्षानुवर्षं एक सराव ठरलेला असायचा: बॉस्टनमधल्या घरांच्या किमतींचा अंदाज बांधा. ५०६ ओळी, किमतीखेरीज १३ रकाने. परिसरात गुन्हे किती, घरात खोल्या किती, शाळेत एका शिक्षकामागे मुलं किती, ही माहिती भरायची आणि संगणकाकडून किंमत काढून घ्यायची. त्यातल्या एका रकान्याचं नाव नुसतं ‘बी’ होतं. वस्तीत कृष्णवर्णीय लोक किती, यावरून तो आकडा काढलेला होता. शेजारी कोणत्या वर्णाचे आहेत यावर घराची किंमत ठरते, हे १९७८ च्या एका शोधनिबंधातलं गृहीतक त्यात जसंच्या तसं उतरलं होतं. सायकिट-लर्न या मोफत सॉफ्टवेअरमुळे ही माहिती जगभर पोचली आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनीही तीच गिरवली. सायकिट-लर्नने ‘हे वापरू नका’ असं सांगितलं ते २०२१ मध्ये. पुढच्या वर्षी तिथून ती काढून टाकली.

इतकी वर्षं हे खटकलं कसं नाही? माझ्या मते उत्तर सरळ आहे. शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकांना घर शोधताना तो रकाना कधी आडवा आला नव्हता. आडनाव सांगताच ‘जागा कालच गेली’ हे ज्यानं ऐकलं आहे, तो शिक्षक त्या ‘बी’पाशी थांबला असता आणि त्यानं वर्गालाही थांबवलं असतं. प्रतिमाप्रक्रियेच्या वर्गांत तेच झालं. ‘प्लेबॉय’ या पुरुषांसाठीच्या मासिकाच्या १९७२ च्या अंकातल्या एका छायाचित्राचा तुकडा ‘लेना’ या नावानं नमुना म्हणून कित्येक दशकं वापरला गेला. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेनं तो असलेले शोधनिबंध नाकारायला सुरुवात केली २०२४ मध्ये. तोवर किती मुलींनी वर्गात ते चित्र निमूटपणे पाहिलं असेल!

शिक्षक बदलला म्हणून गणित थोडंच बदलतं, असं काही जण म्हणतात. गणित नाहीच बदलत. पण उदाहरण कोणतं घ्यायचं, माहिती कुणाची गोळा करायची, चूक कशाला म्हणायचं, हे शिक्षकच ठरवतो. मेळघाटातली शिक्षिका पहिल्याच तासाला विचारेल की या यंत्राला कोरकू कळते का. लासलगावकडचा शिक्षक कांद्याची प्रतवारी फोटोवरून करून बघायला सांगेल.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत आपण काही पावलं टाकली. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा ठेवल्या आणि बी.टेक.मधलं त्यांचं प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होतं, ते काही वर्षांतच वीसवर गेलं. प्राध्यापकांच्या बाबतीत तशी निकड दिसत नाही. राखीव प्रवर्गांतले प्राध्यापक तिथे किती कमी आहेत, हे संसदेतल्या उत्तरांतून पुन्हा पुन्हा समोर आलं आहे.

मशीन लर्निंग ज्याचा भाग आहे, तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय आता शाळेत आला आहे. सीबीएसईनं २०१९ मध्ये नववीला तो सुरू केला. २०२६-२७ पासून तिसरीपासूनच त्याची ओळख करून देण्याची घोषणा केंद्रानं केली आहे. शिकवणार कोण? अभ्यासक्रम वरून आखायचा, शहरातल्या तज्ज्ञांनी तो समजावायचा आणि जिल्हा परिषदेच्या बाईंनी तो वर्गात वाचून दाखवायचा, अशी वाटणी झाली तर आपण नवे ‘बी’ रकाने पेरत राहू. उलटा प्रवासही होऊ शकतो: पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याचा प्रयोग माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केला, मग तो राज्यभर गेला. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. तंत्रस्नेही शिक्षक आपल्याकडे आहेत. त्यांना नुसते प्रशिक्षणार्थी न ठेवता धडे लिहिणारे करायला हवं. त्यात आश्रमशाळांतले, उर्दू माध्यमातले, भटक्या-विमुक्तांमधून आलेले शिक्षक हवेत, आणि निम्म्या तरी बाया हव्यात.

वाचकहो, तुमच्या तालुक्यात या विषयाचं प्रशिक्षण लागेल तेव्हा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे सुलभकांची यादी मागा. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर समितीच्या वतीनं मागा. यादीत तुमच्या भागाची भाषा बोलणारं कोणी नसेल, तर तुमच्या शाळेतल्या ज्या बाई किंवा सर हे काम करू शकतात, त्यांचं नाव लेखी सुचवा.