सहलीस सूत्र असावें

शाळा-कॉलेजांच्या सहली अलीकडे पुष्कळ वाढल्या आहेत. परंतु त्यांपासून होणारें शिक्षण त्या मानानें वाढलेलें नाहीं, असें मला खेदानें म्हणावें लागतें. डिसेंबर महिना लागला कीं सूचनाफलकावर कागद झळकतो. पहांटे सहा वाजतां प्रयाण, मग अमुक लेणीं, अमुक देवालय, अमुक धरण, दुपारीं भोजन, पुढें एक बाग, एक किल्ला (पायथ्यावरून), आणि रात्रीं दहाच्या सुमारास परत. एका दिवसांत सहा-सात स्थळें! प्रत्येक स्थळीं मुलें गाडींतून उतरतात, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून मोबाईलवर आपल्या छब्या काढून घेतात, शिक्षक डोकीं मोजतात आणि गाडी पुढें निघते. दुसऱ्या दिवशीं निबंध लिहावयास दिला तर त्यांत सर्वांत सविस्तर वर्णन असतें तें जेवणाचें. याबद्दल मुलांस बोल लावण्यांत अर्थ नाहीं. पाहावें कसें हें आपण त्यांस शिकविलें नाहीं. स्थळें पुष्कळ आहेत आणि वेळ थोडा आहे, एवढेंच काय तें आपण दाखविलें.

माझें म्हणणें असें आहे कीं, सहलीस एक सूत्र असावें. सकाळीं निघतांना एकच प्रश्न मुलांच्या हातीं द्यावा आणि दिवसभर त्याच्याच मागें जावें. जीं स्थळें त्या प्रश्नाच्या उत्तरास उपयोगी पडतील तेवढींच पाहावीं; बाकीचीं कितीही प्रसिद्ध असलीं तरी सोडून द्यावीं. आपल्या प्रभूनें लोकांस शिकविलें तें बहुधा उघड्यावरच: डोंगराच्या उतरणीवर, सरोवराच्या कांठीं, शेतांतून चालतां चालतां. रानांतलीं फुलें आणि आकाशांतलीं पांखरें हींच त्याचीं चित्रें होतीं. परंतु गालीलांतील प्रेक्षणीय स्थळांची यादी त्यानें शिष्यांस कधीं दिली नाहीं. समोर जें होतें त्याकडे नीट पाहावयास लाविलें.

उदाहरणासाठीं मी रायगड जिल्ह्यांतील कर्जत व खालापूर हे दोन तालुके घेतों. मुंबईहून लोकलनें कर्जतला व पुढें खोपोलीलाही जातां येतें. पुण्याकडील मंडळींसही हा मुलूख जवळचाच. येथें सहली येतात त्या बहुधा माथेरानला, महडच्या वरदविनायकाला, किंवा खालापूर तालुक्यांत २०१३ सालीं सुरू झालेल्या इमॅजिका या करमणुकीच्या उद्यानाला. या ठिकाणांविरुद्ध माझी तक्रार नाहीं. परंतु मी मुलांच्या हातीं जो प्रश्न देईन तो असा: येथें पडणारा पाऊस जातो कोठें?

कर्जतच्या फलाटावर उतरतांच मुलांस पूर्वेकडे तोंड करून उभें करावें. समोर सह्याद्रीची भिंत आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर साचून हा काळा दगड झाला, आणि अरबी समुद्रावरून येणारे ढग याच भिंतीस अडून रिते होतात. भिंत किती उभी आहे हें फळ्यावर आंकडे मांडून सांगण्याचें कारण नाहीं. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांस कर्जतला मागून इंजिनें जोडतात तीं दाखवावीं. ३७ फूट पुढें जावें तेव्हां १ फूट वर चढावें, अशी बोरघाटाची चढण आहे. या लोहमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें व १८६३ सालीं पुरें झालें. त्यासाठीं २५ बोगदे खणावे लागले, आणि पटकीनें व अपघातांनीं हजारों मजूर दगावले. १८५९ सालीं सॉलोमन ट्रेडवेल नांवाच्या इंग्रज गृहस्थानें कामाचा मक्ता घेतला, परंतु या देशांत पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत तो मरण पावला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें मक्ता स्वतःकडे ठेवून काम तडीस नेलें. मोठमोठ्या इंजिनियरांच्या नांवांत ही बाई हरवून जाते, म्हणून मुलींस तिची हकीकत मुद्दाम सांगावी. मग खुशाल वडा खाऊं द्यावा. कर्जतला येऊन वडा न खाणें हा नुसता काटेकोरपणा झाला, त्यांत शिक्षण नाहीं.

तेथून कोंडिवडे गांवापर्यंत वाहनानें व पुढें पायवाटेनें गेलें म्हणजे राजमाचीच्या पायथ्याशीं, उल्हास नदीच्या खोऱ्यांत, कोंडाण्याचीं लेणीं लागतात. मिशनच्या शाळेनें बौद्ध लेणीं कशाला दाखवावीं, असें एकाद्या पालकास वाटेल. मला तसें वाटत नाहीं. ज्या लोकांनीं आपल्या धर्मासाठीं इतका दगड फोडला त्यांच्याविषयीं आदर बाळगल्यानें कोणाच्याही श्रद्धेस बाध येत नाहीं. शिवाय आपला प्रश्नही येथें सुटत नाहीं. बौद्ध भिक्षु एरवीं गांवोगांव हिंडत, पण पावसाळा एका ठिकाणीं राहून काढीत; त्या वर्षावासाच्या गरजेंतूनच अशीं लेणीं कोरण्याची रीत वाढली. हीं लेणीं इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमाराचीं. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर तुळया, कमानी, जाळ्या असें सारें सुताराचें काम पाथरवटानें दगडांत उतरविलें आहे. आंतील कित्येक खांब मात्र ओलीनें झिजून नाहींसे झाले. ज्या पावसासाठीं लेणें कोरलें त्या पावसानेंच त्याचे खांब खाल्ले! दर्शनी भागीं एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपींत लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, अशा अर्थाचा. दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या मनुष्यानें आपलें नांव कोरतांना आधीं गुरूचें नांव कोरलें. हें सांगतांना शिक्षकाचा आवाज थोडा चढला तर मुलांनीं क्षमा करावी.

दुपारीं खोपोली. सहलीचा गाभा तो हाच, आणि येथें हातांत दोन-अडीच तास तरी असावे. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांत पावसाचें पाणी सांठवितात व तें डोंगरउतारावरील लोखंडी नळांतून खालीं सोडतात. पांचशें मीटरांहून अधिक खोल उतरलेलें तें पाणी वीजघरांतील चाकाच्या वाट्यांवर आदळतें, चाक गरगर फिरतें, आणि त्यास जोडलेलें यंत्र वीज निर्माण करतें. पाण्यापासून वीज करण्याची ही कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ सालीं वारले, आणि त्यांच्या पश्चात् पुत्र दोराबजी यांच्या हातून ती सिद्धीस जाऊन १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू झालें. मुंबईच्या कापडगिरण्यांस येथूनच वीज जाऊं लागली. १९२२ सालीं कर्जत तालुक्यांत भिवपुरी येथें दुसरें वीजघर झालें. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील स्थितिज ऊर्जा व गतिज ऊर्जा ज्या मुलाच्या डोक्यांत शिरत नाहीं, त्यास ते नळ खालपासून वरपर्यंत नुसते पाहूं द्यावे.

आतां नकाशा पसरून सकाळचा प्रश्न पुन्हा विचारावा. घाटमाथ्यावरचें हें पाणी आपल्या स्वभावानें जातें तर इंद्रायणींतून भीमेला, भीमेंतून कृष्णेला आणि कृष्णेबरोबर पार बंगालच्या उपसागराला मिळतें. देहू, आळंदी, पंढरपूर हीं क्षेत्रें याच वाटेवरचीं. परंतु मनुष्यानें त्यास पश्चिमेकडे वळविलें. वीजघरांतून सुटलें कीं तें पाताळगंगेनें धरमतरच्या खाडीस जाऊन अरबी समुद्रास मिळतें. जेथून ढग होऊन उठलें तेथेंच परत, पण वाटेंत मुंबईचा दिवा लावून!

येथें वर्गांत दोन तट पडतील, आणि ते पडूं द्यावे. कोणी म्हणेल, या विजेनें केवढें शहर उभें राहिलें. कोणी विचारील, भीमेच्या खोऱ्यांतील दुष्काळी शेतांच्या वांट्याचें पाणी कोणाच्या परवानगीनें वळविलें? हें पाणी पूर्वेकडे परत द्यावें ही मागणी जुनीच आहे. टाटांच्याच मुळशी येथील धरणाखालीं ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्या मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला, आणि सेनापति बापट यांनीं तो पुढें चालविला. तरी धरण झालेंच. वीजघर हा केवळ विज्ञानाचा धडा नव्हे, नागरिकशास्त्राचाही आहे. दोन्ही बाजूंच्या मुलांस बोलूं द्यावें आणि निकाल देण्याची घाई शिक्षकानें करूं नये.

वीजवाहक तारांचे मनोरे दिसतात तेथें भाई कोतवालांची गोष्ट सांगावी. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १९१२ सालीं माथेरानला झाला. ते वकील झाले. सावकारी फासांतून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनीं धान्यकोठ्या काढल्या आणि खेड्यापाड्यांत शाळा चालविल्या. १९४२ च्या चळवळींत त्यांच्या आझाद दस्त्यानें मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत ते व त्यांचे सोबती हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. शाळा काढणारा मनुष्य मनोरे पाडण्यापर्यंत कां येतो, हा प्रश्न इतिहासाच्या परीक्षेंत मी अजून पाहिला नाहीं.

पाण्याची एक वाट अजून उरली. भिवपुरीच्या वीजघरांतून बाहेर पडणारें पाणी राजनाला कालव्यानें कर्जतच्या शेतांत जातें व त्यावर उन्हाळी भात पिकतो. तथापि याच तालुक्यांत डोंगरावरील ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या कित्येक वाड्यांत चैत्र-वैशाखांत बाया हंडे घेऊन झऱ्यापाशीं तिष्ठत बसतात. ज्या डोंगरावर सर्वांत अधिक पाऊस पडतो त्याच डोंगरावर प्यावयास पाणी नाहीं, याचा उलगडा मुलांनीं करावा. आपल्या सर्वांनाच तो करावयाचा आहे.

परततांना जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानें चौकवरून यावें. उजव्या हातास इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या अंगावर इर्शाळवाडी नांवाची ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, अतिवृष्टींत, डोंगराचा कडा खचून तिच्यावर आला. २७ देह हातीं लागले; ५७ माणसें सांपडलींच नाहींत, आणि चौथ्या दिवशीं शोध थांबविण्यांत आला. आश्रमशाळांत राहणारीं कांहीं मुलें त्या रात्रीं घरीं नव्हतीं म्हणून वांचलीं. त्यांतल्या कित्येकांस सकाळीं आईबाप उरले नव्हते. पुढें सिडकोनें चौकजवळ वांचलेल्यांस नवीं घरें बांधून दिलीं. येथें गाडी पांच मिनिटें थांबवावी. वर चढूं नये, छब्या काढूं नयेत. आनंदाच्या दिवशीं हें कशाला, असें माझे एक सहकारी म्हणतात. परंतु सकाळपासून मुलें ज्या पावसाच्या मागें चाललीं आहेत तो येथेंही आला होता, आणि हें त्यांच्यापासून झांकून ठेवलें तर आपला प्रश्न अर्धाच राहिला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांस असें ऐकणें झेपतें. झेपत नाहीं तें बहुधा आपल्याला.

राहिला खर्चाचा विचार. आणि माझ्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सहलीच्या दिवशीं प्रत्येक वर्गांतील दोन-चार मुलें हटकून आजारी पडतात, किंवा त्यांच्या घरीं पाहुणे येतात. हा आजार कोणता, हें प्रत्येक वर्गशिक्षकास ठाऊक असतें. आरामगाडी, हॉटेलांतील जेवण आणि उद्यानाचें तिकीट यांची वर्गणी ज्या बापास परवडत नाहीं, तो मुलाला खोटें बोलावयास शिकवितो. किंवा त्याहून वाईट म्हणजे मूल आपण होऊन बोलतें, म्हणजे बापास खालीं पाहावें लागूं नये. पुढें महिनाभर वर्गांत सहलीच्याच गोष्टी निघतात आणि तें मूल खिडकीबाहेर पाहत बसतें. वर सांगितलेल्या सहलीस लोकलचें तिकीट, एस. टी. किंवा भाड्याची साधी गाडी, आणि घरून आणलेली भाकरी एवढेंच लागतें. तेंही ज्यांस जड जाईल त्यांची सोय शाळेनें गुपचूप करावी. नांवें फलकावर लावून नव्हे. आपल्या शाळा मूळ काढल्या गेल्या त्या कोणाच्या मुलांसाठीं, हें वर्गणी ठरविणाऱ्या कमिटीनें ध्यानांत ठेवावें, एवढी माझी विनंती आहे.

कोणास हा बेत करावयाचा असल्यास जानेवारींतील एकादा शनिवार बरा. पावसाळ्यांत या भागांतील धबधबे व डोह दर वर्षीं तरुणांचे प्राण घेतात. तेव्हां त्या दिवसांत मुलांस मुळींच नेऊं नये. वीजघर आंतून पाहावयाचें तर कंपनीस पुष्कळ आधीं पत्र लिहावें. परवानगी न मिळाली तर रस्त्यावरून दिसणारे नळ आपल्या कामास पुरेसे आहेत. भूगोलाच्या शिक्षकाबरोबर इतिहासाचा व विज्ञानाचा शिक्षक अवश्य असावा, आणि मुलींच्या सोबतीस दोन बाई असाव्यात. मोठा नकाशा, एक दुर्बीण आणि भरलेल्या पाण्याच्या बाटल्या बरोबर घ्याव्यात. निबंध मात्र दुसऱ्याच दिवशीं मागूं नये. आठवडाभर जाऊं द्यावा.