दाराशीं बसणारा कुत्रा

कुत्रा म्हटला कीं तो इमानी, आणि इमानी म्हटला कीं तो लाडिक, शेपूट हालवीत अंगावर झेपावणारा, अशी एक साखळी आपण मनाशीं जुळवून ठेवली आहे. तिच्यांतील पहिली कडी बहुतांशीं खरी आहे. दुसरी मात्र कुत्र्याच्या स्वभावांतून आलेली नसून चित्रपटांतून आणि जाहिरातींतून आलेली आहे. म्हणूनच एखादा कुत्रा हांक मारल्यावर येतो, क्षणभर उभा राहतो आणि मान वळवून निघून जातो, तेव्हां घरच्या माणसांच्या मनाला तें लागतें. ‘ह्याला आमच्याविषयीं कांहींच वाटत नाहीं काय?’ अशा अर्थाचीं तीन-चार पत्रें आमच्याकडे आलीं. त्यांतील वसईहून आलेलें पत्र इतकें मोकळ्या मनानें आणि बारकाईनें लिहिलेलें आहे कीं, ह्या महिन्याची सारी जागा त्यालाच द्यावी असें आम्हांस वाटलें.

पत्र लिहिणाऱ्या बाईंनीं सत्तरी ओलांडली आहे. कुटुंब एकत्र; मुलगे, सुना व नातवंडें मिळून नऊ माणसें. वसई गांवांत जुन्या वाडीच्या जागेवर बांधलेलें दुमजली घर, मागें विहीर आणि केळीचीं चार झाडें. चार वर्षांपूर्वीं थोरल्या नातवानें विरारहून एक पिलूं विकत आणलें. तें तेव्हां अवघें पांच आठवड्यांचें होतें. बाईंच्या माहेरीं काय किंवा सासरीं काय, कुत्र्याला शिवण्याची चाल नव्हती. तरी नातवाच्या हट्टापुढें त्यांनीं मान तुकविली. आणि गेल्या जूनमध्यें नातू शिकण्यासाठीं पुण्यास गेल्यावर कुत्र्याला दोन्ही वेळां जेवूं घालण्याचें काम त्यांनीं स्वतःकडे घेतलें. ‘जन्मभर जें केलें नाहीं तें ह्याच्यासाठीं केलें,’ असें त्या लिहितात. परंतु कुत्रा जेवतो आणि उठून दाराशीं जाऊन बसतो. डोक्यावरून हात फिरवावयास गेल्यास अंग चोरतो. आतां घरांत असें ठरत आलें आहे कीं, दिवाळीपूर्वीं त्याला निर्मळकडील एका ओळखीच्या वाडीवर राखणीला द्यावें. निदान तेथें त्याचा कांहीं उपयोग तरी होईल.

असा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांपुढें कधीं आला नाहीं. त्यांचे कुत्रे अधिक प्रेमळ होते असें मात्र कोणी समजूं नये. वैश्वदेवाच्या वेळीं बलिहरणांत श्याम आणि शबल ह्या वैवस्वतकुळांतील दोन श्वानांच्या नांवानें घास काढला जाई. कुत्र्याला अन्न देणें हा गृहस्थाचा धर्म होता, परंतु तें उंबऱ्याबाहेर. त्याला घास होता, मांडी नव्हती. वसईच्या केळीच्या बागांतून, पानवेलीच्या मळ्यांतून आणि फुलांच्या वाड्यांतून राखणीचा कुत्रा असे, आणि अनोळखी पाऊल वाजलें म्हणजे त्यानें भुंकावें एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. तो आपल्यावर प्रेम करतो कीं नाहीं, हें पाहण्याची कोणास गरजच पडली नाहीं. पुढें वाड्या मोडल्या, इमारती उठल्या. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत ह्या शहराची वस्ती बारा लाखांच्या वर भरली. राखण्यास वाडी उरली नाहीं तसा कुत्रा उंबऱ्याच्या आंत आला. त्याच्याकडून करावयाची मागणी आपण एका पिढींत पार बदलून टाकली, आणि ती त्याला ठाऊक असलीच पाहिजे असें गृहीत धरून बसलों.

इमानाचा जुना दाखला सर्वांना माहीत आहे. महाप्रस्थानिक पर्वांत हस्तिनापुराहून निघालेल्या पांच पांडवांच्या आणि द्रौपदीच्या मागून सातवा म्हणून एक कुत्रा चालूं लागतो. त्यानें कोणाचा हात चाटला किंवा कोणाच्या पायांशीं लोळण घेतली, असें तेथें कोठेंहि सांगितलेलें नाहीं. तो चालत राहिला, एवढेंच. इंद्र रथ घेऊन आला तेव्हां युधिष्ठिरानें त्या नुसत्या चालण्यालाच भक्ति म्हटलें आणि कुत्र्याला टाकून स्वर्गास जाण्याचें नाकारलें. आजच्या कित्येक घरांत तो कुत्रा ‘थंड’ ठरला असता.

अलीकडील शास्त्रज्ञांनीं ह्या बाबतींत जें पाहिलें आहे तें युधिष्ठिराच्या बाजूचें आहे. तान्ह्या मुलाची आईवरील ओढ पारखण्याची एक रीत मानसशास्त्रांत आहे: मुलाला अनोळखी खोलींत न्यावयाचें, आईनें थोडा वेळ बाहेर जावयाचें, परकें माणूस आंत यावयाचें, आणि आई परतल्यावर मूल काय करतें तें टिपावयाचें. हीच रीत बुडापेस्टच्या संशोधकांनीं कुत्र्यांना व त्यांच्या धन्यांना लावली आणि १९९८ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुत्र्याची धन्यावरील ओढ मुलाच्या ओढीसारखीच असते असें त्यांस दिसलें. परंतु ती दाखविण्याची तऱ्हा कुत्र्यागणिक निराळी. एक धांवत येऊन बिलगतो, दुसरा धनी आलेला पाहतो आणि स्वस्थ बसतो. मुलांचेंहि तसेंच आहे. आई परतल्यावर जें मूल तिच्याकडे न पाहतां खेळण्यांत गढल्यासारखें दाखवितें, त्याच्या छातीचे ठोके मोजले तर ते वाढलेले आढळतात. वरून दिसणारी बेपर्वाई आणि आंतली बेपर्वाई ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत.

आतां त्या पांच आठवड्यांविषयीं. पिलूं जन्मल्यापासून साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या पुढील साऱ्या स्वभावाचा पाया असतो. अमेरिकेंतील बार हार्बर येथें ह्या गोष्टीचा कसून अभ्यास झाला. तेथील १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत चौदा आठवडे माणसांपासून दूर ठेवलेलीं पिलें पुढें जवळजवळ रानटीच राहिलीं. माणसांचा सहवास जसा ह्याच काळांत हवा, तसा आईचा आणि भावंडांचाहि हवा. किती जोरानें चावावें, भ्यालें असतां काय करावें, दुसऱ्याचा स्पर्श केव्हां खेळाचा व केव्हां रागाचा, हे धडे आईच देते. म्हणून आपल्या देशांतील २०१७ च्या नियमांप्रमाणें आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं पैदासकारानें विकतां कामा नये. असें असूनहि ‘लहान आणलें म्हणजे लळा लागतो’ ह्या समजुतीनें तीस-पस्तीस दिवसांचें पिलूं आणणारे पुष्कळ. इतक्या लवकर तुटलेलें पिलूं मोठेपणीं भित्रें आणि हात लागतांच आक्रसणारें होण्याचा संभव अधिक असतो. लळा लागत नाहीं असें नाहीं. तो व्यक्त करण्याचें शिक्षण मात्र अपुरें राहतें.

जातीचाहि कांहीं वांटा असतो. बाईंनीं कुत्र्याची जात कळविलेली नाहीं, तरी इतर वाचकांसाठीं सांगून ठेवतों. आपल्याकडील कारवानी कुत्रा, किंवा मुधोळच्या घोरपडे राजघराण्यानें ज्याची निगा राखली आणि २००५ सालीं टपाल तिकिटावर जो झळकला तो मुधोळ कुत्रा, हे नजरेनें शिकार हेरून तिच्यामागें धांवणारे कुत्रे. ह्यांचा स्वभावच अबोल. परक्याशीं फटकून आणि घरच्यांशींहि अदबीनें वागणारा. अशा कुत्र्यानें गळ्यांत पडावें अशी इच्छा असेल त्यानें दुसरी जात पाहावी. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

परंतु वसईच्या पत्रांतील गांठ ह्यांपैकीं कशानेंहि पुरती सुटत नाहीं. ती बाईंच्याच एका वाक्यानें सुटते, आणि तें त्यांनीं तक्रार म्हणून लिहिलें आहे: ‘मी पहाटे उठलें कीं हा उठतो, मी स्वयंपाकघरांत असलें कीं हा दाराबाहेर बसून राहतो, मी पोथी घेऊन बसलें कीं देवघराच्या अलीकडे आडवा पडतो, पण जवळ म्हणून येत नाहीं.’ मग हा कुत्रा मागल्या दाराशीं बसतो असें म्हणण्याऐवजीं, बाई ज्या खोलींत असतील त्या खोलीच्या दाराशीं तो बसतो, असें म्हणणें अधिक बरोबर नाहीं काय? आणि तो दाराशींच कां थांबतो, ह्याचें उत्तर त्यांनीं आणखी दोन ओळींनीं, सहजच, देऊन टाकलें आहे. पिलूं असतांना तें स्वयंपाकघराचा किंवा देवघराचा उंबरा ओलांडी, तेव्हां कोणी ना कोणी लाटणें आपटून, ओरडून त्याला बाहेर काढी. पिलानें धडा घेतला. घरांतील नऊ माणसांपैकीं ह्या दोन खोल्यांचें सोवळें इतक्या निष्ठेनें पाळणारा दुसरा कोणी असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या बाईंपाशीं त्याला असावेंसें वाटतें, त्यांचा सारा दिवस नेमका त्याच दोन खोल्यांत जातो. तेव्हां मिळेल तितका जवळ, म्हणजे उंबऱ्यापर्यंत, तो येतो.

जेवूं घालूनहि लळा कां नाहीं, ह्या प्रश्नाला कलकत्त्याजवळील एका प्रयोगानें चांगला उजेड मिळतो. तेथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनीं रस्त्यावरील कुत्र्यांपैकीं कांहींना वारंवार अधिकचें अन्न दिलें, तर कांहींना वारंवार गोंजारलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासांत, अनोळखी माणसावर अधिक विश्वास टाकूं लागले ते गोंजारलेले कुत्रे. म्हणजे पानांत घास वाढणें हें अर्धेंच काम. मात्र गोंजारणेंहि कुत्र्याच्या रीतीनें हवें. उभ्या माणसानें वरून वांकून डोक्यावर हात आणणें आपल्याकडे आशीर्वादाची खूण आहे. भित्र्या कुत्र्यास ती धमकीसारखी वाटते. त्यानें मान वळविणें, जांभई देणें, ओठ चाटणें ही बहुधा विनंती असते कीं, ‘जरा सबुरीनें.’ नातवंडें त्याला मिठी मारीत असतील तर तें अगोदर थांबवावें. अशाच वेळीं मुलांना दांत लागतात.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊं नये. जो कुत्रा पूर्वीं येत असे व आतां येत नाहीं, तो कदाचित् आजारी असतो. पत्रावरून हा बदल जूननंतर वाढलेला दिसतो. नातवाचें जाणें त्याच महिन्यांतलें, पण पाऊसहि त्याच महिन्यांतला. वसईच्या दमट हवेंत गोचिडांचा उपद्रव फार, आणि गोचिडांपासून होणारा ताप कुत्र्याच्या अंगांत आठवडेच्या आठवडे लपून राहतो. मलूलपणा, अन्नावरची वासना कमी होणें, सांधे धरणें, केव्हां नाकांतून रक्त, अशीं त्याचीं चिन्हें. कान दुखत असला तरीहि कुत्रा डोक्याला हात लावूं देत नाहीं. उतारवयांतील कुत्र्यांत बहिरेपण, अंधुक दृष्टि व संधिवात ह्यांमुळें येणारा दुरावा तर नेहमींचाच. रक्ताची तपासणी केल्यावांचून स्वभावाचें निदान करणें हें उलटें वैद्यक होय.

वाडीवर पाठविण्याचा बेत आम्हांस पसंत नाहीं. चार वर्षांचा हा कुत्रा राखणीसाठीं वाढलेला नाहीं; तेथें तो बहुतेक साखळीला पडेल. शिवाय ज्याच्याबरोबर तो वाढला तें माणूस जूनमध्यें एकाएकीं नाहींसें झालें. तें पुण्याला गेलें, सुटींत येईल, हें त्याला कोणी समजावूं शकत नाहीं. उरलेल्या आठांतून त्यानें आपल्यापुरतें एक माणूस निवडलें आहे, तेंहि सहा महिन्यांच्या आंत काढून घेणें बरें नव्हे. वसईकरांना एक आठवण द्यावीशी वाटते. सोपाऱ्यास १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी ह्यांना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सांपडला हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु १९५६ सालीं जवळच्या भुईगांवास नववा लेख सांपडला, आणि त्यांत निरर्थक मंगलकार्यांऐवजीं जें खरें मंगल सांगितलें आहे, त्यांत सेवकांशीं नीट वागणें आणि प्राण्यांच्या बाबतींत संयम राखणें हीं दोन्ही आहेत.

करावयाचें तें थोडें आहे. सोवळें मोडण्याची गरज नाहीं. दुपारीं आवराआवर झाल्यावर बाईंनीं ओटीवर किंवा माजघरांत, जेथें त्याला येण्याची मोकळीक आहे अशा जागीं, रोज एकाच वेळीं जमिनीवर बसावें. त्याच्याकडे तोंड करून नव्हे, थोडें कुशीला वळून. हांक मारूं नये, डोळ्यांत पाहूं नये. तो आला तर हाताची पाठ खालीं धरावी, आणि त्यानें हुंगल्यावर छातीपाशीं किंवा खांद्यापाशीं दोन-चार वेळां खाजवून हात काढून घ्यावा. तो तेथेंच थांबला तर पुन्हां. उठून गेला तर जाऊं द्यावें. घरांत एकानें ‘ये’ म्हणावयाचें आणि दुसऱ्यानें ‘हाड’ म्हणावयाचें हा प्रकार बंद व्हावा. कोणत्या खोल्या वर्ज्य आणि कोणत्या मोकळ्या, तें एकदां सर्वांनीं मिळून ठरवावें व धाकट्या नातवंडांपासून सर्वांनीं पाळावें. फिरावयास नेण्याचें काम शक्य तों एकाच मुलाकडे असावें. फरक पडण्यास दोन-तीन महिने लागतील, आणि पडला तरी तो कुत्रा मांडीवर चढणारा होईल असें नव्हे.

रक्ताची तपासणी आणि गोचिडांचें औषध दिवाळीच्या अगोदर उरकावें. फटाक्यांच्या दिवसांत त्याला मागल्या दाराशीं ठेवूं नये. माजघराच्या खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून, त्याचें नेहमींचें पोतें तेथें टाकावें, आणि संध्याकाळीं पोथी बाईंनीं त्याच खोलींत वाचावी.