कळ थांबली, पण खडा गेला का?

मध्यरात्री अचानक एका कुशीत कळ उठते. माणूस उठतो, बसतो, येरझाऱ्या घालतो. कशानेच आराम पडत नाही. कळ कमरेतून जांघेकडे उतरते, उलटी होते, कधी लघवी लालसर होते. दवाखान्यात इंजेक्शन मिळते, दुखणे थांबते आणि घरचे म्हणतात, "चला, खडा पडला!" चूक इथेच होते.

खडा मूत्रवाहिनीत अडकला की लघवी मागे तुंबते, मूत्रपिंड फुगते व त्या ताणाने कळ येते. काही दिवसांनी कळ थांबते, पण खडा तिथेच असू शकतो. महिनोन्‌महिने अडथळा राहिला तर मूत्रपिंड गुपचूप निकामी होते. म्हणून खडा आहे की गेला, हे दुखण्यावरून नव्हे, तपासणीवरून ठरवावे.

पहिली तपासणी बहुधा सोनोग्राफीची. तिच्यात क्ष-किरण नसतात. म्हणून गरोदर स्त्रिया व मुलांसाठी तीच आधी करतात. मूत्रपिंडातला खडा आणि सूज तिच्यात दिसते. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा मात्र आतड्यातील वायूमुळे अनेकदा दिसत नाही. मूत्राशयाजवळचा खडा दिसण्यासाठी लघवी धरून जावे लागते. साध्या एक्स-रेमध्ये कॅल्शियमचे बहुतेक खडे दिसतात, युरिक ॲसिडचे दिसत नाहीत.

सर्वांत खात्रीचा सीटी स्कॅन. इंजेक्शनने औषध न देता केलेल्या या स्कॅनमध्ये जवळजवळ प्रत्येक खडा, त्याची जागा व आकार कळतो. मग सर्वांचाच सीटी का करू नये? कारण त्यात किरणांचा मारा जास्त असतो. 2014 साली अमेरिकेतील 15 रुग्णालयांच्या अभ्यासात दिसले, की आधी सोनोग्राफी करून गरज पडल्यासच सीटी केला तरी रुग्णांच्या गंभीर गुंतागुंती वाढल्या नाहीत. सीटी करायचाच असेल तर कमी किरणांचा करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

काही वेळा मात्र सकाळची वाट पाहू नये. कळीबरोबर थंडीताप, लघवी बंद होणे, एकच मूत्रपिंड असणे किंवा गरोदरपण असेल, तर लगेच रुग्णालय गाठावे. घरातल्या अब्बांना साठीनंतर पहिल्यांदाच अशी कळ आली व चक्कर आली, तर खडाच असेल असे धरून बसू नये; पोटातील मुख्य रक्तवाहिनी फुगून फुटू लागली तरी असेच दुखते.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. तोवर लघवी गाळणीतून गाळावी. खडा मिळाला तर डॉक्टरांना दाखवावा. चार-सहा आठवड्यांत, दुखत नसले तरी, डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासणी करावी आणि जुने रिपोर्ट जपून ठेवावेत. या दुसऱ्या तपासणीचा खर्च वाया गेला असे वाटेल, पण एक मूत्रपिंड गमावण्यापेक्षा तो नक्कीच स्वस्त आहे.