झाकण काढू नका

उन्हाळा लागला की तोच सल्ला पुन्हा कानावर येतो. सीपीयू तापतोय? कॅबिनेटचं झाकण काढा, शेजारी टेबलफॅन लावा, झालं काम. परवा तो दिला वीस वर्षं संगणक दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी, आणि त्यांच्या अधिकारवाणीनेच मला हे लिहायला बसवलं. त्यांचा सिद्धान्त इतकाच: उघडं ते गार, बंद ते गरम, जाळ्या हवा अडवतात म्हणून काढाव्यात, तेवढ्यानं भागलं नाही तर पंखे वाढवावेत.

जाळीचं म्हणाल, तर हवा अडते ती न धुतलेल्या जाळीनं. आणि पंखे कितीही वाढवा, पुढची बाजू काचेनं बंद असेल तर ते आतलीच ऊन हवा ढवळत बसतात.

खरा राग आहे तो झाकणाबद्दल. कॅबिनेट म्हणजे नुसती पेटी, या समजुतीतून हा सल्ला निघतो. ती पेटी नाही, तो हवेचा पाट आहे. पुढून हवा आत यावी, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, रॅम, हीटसिंक यांच्यावरून वाहावी आणि मागून, वरून निघून जावी, अशी ती रचना. पाटाचा काठ फोडला की पाणी तिथूनच पळतं आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही, पण संगणक दुरुस्त करणाऱ्याला सांगावं लागतं!

झाकण काढल्यावर तापमानाचा आकडा उतरतो, हे मी नाकारत नाही. पण तो बराच उतरला, तर त्यातून सिद्ध काय होतं? पुढून हवा आत येतच नव्हती, हेच. दुखणं पुढच्या बाजूला आणि शिक्षा झाकणाला. शिवाय टेबलफॅन गाळलेली हवा देत नाही. खोलीतली सगळी धूळ थेट मदरबोर्डवर फेकतो. आमच्या शेजारच्या डीटीपी केंद्रातलं यंत्र असंच दोन उन्हाळे उघडं चाललं. तिसऱ्या उन्हाळ्यात मी पाहिलं तेव्हा हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता. वर पंखा जोरात फिरत होता आणि खाली हवा पोचत नव्हती. प्रोसेसर १०० अंशांला टेकून स्वतःची गती कमी करत होता, आणि मालक ‘मशीन म्हातारं झालं’ म्हणून नवं घ्यायला निघाले होते. मागच्या कोपऱ्यात पाल मरून पडली होती, ती वेगळीच.

हे अज्ञान जुनं आहे. नव्वदच्या दशकात शाळेच्या संगणक-खोलीत आम्हाला चपला बाहेर काढायला लावत. त्या नियमाला निदान धुळीची भीती तरी होती. पुढे चपला आत आल्या आणि झाकणं बाहेर गेली.

मग करायचं काय? पुढे जाळीदार तोंड, तिथे आत ओढणारे दोन पंखे, मागे बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा जाणारीपेक्षा थोडी जास्त असली की फटींतून धूळ शिरत नाही. ३०० वॉट उष्णता वाहून न्यायला, हवा १० अंशांनी तापू दिली तर सेकंदाला सुमारे २५ लिटर पुरते. १२० मिलिमीटरचे तीन पंखे तेवढं सहज करतात. जाळी पंधरा दिवसांनी धुवा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरा. टेबलाच्या बंद कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढा आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. खोलीपेक्षा गार मात्र कोणताही पंखा करू शकत नाही.

केंद्रातलं ते यंत्र आम्ही साफ केलं, नवी थर्मल पेस्ट लावली, झाकण बसवलं. यंदा मे महिन्यात खोली ४० अंशांवर असताना, पानं लावण्याचं काम चालू असताना, प्रोसेसर ७८ वर होता.