दुचाकीवरील साज

गळिताच्या हंगामात आष्ट्याहून पेठ नाक्याकडे रात्री जाताना उसाने लादलेल्या आणि कित्येकदा परावर्तकही नसलेल्या जोडट्रॉल्या ज्यांना ओलांडाव्या लागतात, त्यांना दूरच्या प्रवासाच्या मोटारसायकलीवर जादा दिवे, मोबाईलचा चार्जर व हेल्मेटमध्ये स्पीकर बसविण्याची निकड पटवून द्यावी लागत नाही. परंतु या साजाला विद्युत्शक्तीच्या चोख हिशेबाची जोड हवी. 55 वॅटचे दोन हॅलोजन दिवे 12 व्होल्टच्या बॅटरीतून 9 अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतात, आणि तो भार मूळच्या बारीक वायरीवर व हँडलवरील बटणावर टाकणे म्हणजे अग्नीस निमंत्रण देणे होय. म्हणून रिले, बॅटरीच्या धन टोकालगतचा फ्यूज आणि पुरेशा जाडीची स्वतंत्र वायर यांची तजवीज आधी करावी. हँडल वळताना मानेपाशी वायरीचे आवरण घासून तांबे उघडे पडते, तेव्हा तेथे थोडी ढील ठेवून वर जाड नळी चढवावयास कारागिरास आवर्जून सांगावे. संगीताविषयी आमचे मत कठोर आहे: मागून येणाऱ्या एस.टी.चा हॉर्न ज्यात बुडतो, तो आवाज रस्त्यावर असता कामा नये.