आजोबांची पाऊणकी

तर झालं असं, की फेब्रुवारीतल्या एका रविवारी आमच्या ग्रुपचा जाम मोठा पोपट झाला. पोपट कसला, फ्लेमिंगोच झाला म्हणा ना!

आम्ही पाच जण. कम्प्युटर इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष, खिशात शंभर-दीडशे रुपये आणि प्रत्येकाच्या हातात बापाच्या पैशांचा फोन. ठरलं काय, तर नेरुळच्या पाणथळीवर जाऊन फ्लेमिंगोंचे फोटो काढायचे. नवी मुंबईत राहून फ्लेमिंगो पाहिले नाहीत, हे आता लोकांना सांगायचीही लाज वाटते. यामागचा फंडा एकदम सोपा आहे. ओहोटीला ठाण्याच्या खाडीतला चिखल उघडा पडतो आणि हे गुलाबी पाहुणे तिथे चरत बसतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, मग ते उठून नेरुळकडच्या तलावांवर येऊन उभे राहतात. म्हणजे ऐन भरतीला पोहोचलात तर फोटो सही, नाहीतर नुसती हवा खा.

भरतीची वेळ एका मित्राने ॲपवर बघितली होती. आम्ही पोहोचलो, उभे राहिलो, वडापाव खाल्ला, पुन्हा उभे राहिलो. पक्षी म्हणाल तर दोन बगळे. शेवटी कंटाळून परत निघालो. संध्याकाळी आमच्या टॉपरने शोध लावला, की मित्राच्या ॲपमधलं लोकेशन विशाखापट्टणवर अडकलं होतं. बेटा डिसेंबरमध्ये तिथे हॅकेथॉनला गेला होता. म्हणजे आम्ही बंगालच्या उपसागराची भरती बघून अरबी समुद्राचे पक्षी गाठायला निघालो होतो! आम्ही घरी जाऊन झोपलो, तेव्हा फ्लेमिंगो आरामात तलावावर आले असणार.

त्यात ॲपची चूक काहीच नव्हती. त्याला जे गाव सांगितलं, त्याची वेळ त्याने दिली. पण पाच भावी इंजिनीअरांपैकी एकालाही आकाशातल्या चंद्राकडे बघून ‘ही वेळ गंडलीय’ असं वाटलं नाही. ते काही डोक्यातून जाईना.

मिनी प्रोजेक्टचा विषय द्यायची तारीख जवळ आली होतीच. म्हटलं, चला, भरती-ओहोटीचं ॲपच बनवू. घरी येऊन मोठ्या ऐटीत आजोबांना सांगितलं. आम्ही मूळचे दिवाळ्याचे कोळी. बेलापूरचं दिवाळे गाव तुम्हाला मासळीमुळे तरी माहीत असेलच. आजोबांनी आयुष्यभर खाडीत होडी चालवली. आता ती विकली. बाबा नोकरीत, मी कीबोर्डवर. आजोबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मना पाऊणकी येते. तुना येते काय?’

पाऊणकी? मला वाटलं मासा असेल एखादा.

तर ऑफिसवाले दादा-ताई, तुमच्यापैकी किती जणांना येते? पूर्वी शाळेत बे एके बेसोबत अपूर्णांकांचेही पाढे असायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. आजोबा शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण हा पाढा त्यांना झोपेतही येतो. कारण भरतीची वेळ त्यातच आहे. कॅलेंडरवर तिथी बघायची, शुक्ल पक्ष असो की कृष्ण, तिची पाऊणपट करायची. येईल तितके वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. एकदा दिवसा, एकदा रात्री. संपलं. ना नेटवर्क, ना बॅटरी, ना लोकेशन.

मी म्हटलं, बघू तरी म्हातारा किती खरा आहे ते! 2025 च्या पावसाळ्यातलं मुंबईच्या मोठ्या भरतींचं वेळापत्रक काढलं. त्या मोसमातली सगळ्यात मोठी भरती 26 जूनला होती, 4.75 मीटर, दुपारी 12 वाजून 55 मिनिटांनी. तिथी आषाढ शुद्ध प्रतिपदा. एक पाऊण पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. फरक फक्त दहा मिनिटांचा! दुसऱ्या दिवशी द्वितीया, आजोबांचे दीड वाजता, वेळापत्रकातले 1.40. पुन्हा दहा मिनिटं. च्यायला, माझा जीपीएस यापेक्षा जास्त चुकतो.

पण आदल्या दिवशीची, 25 जूनची गंमत बघा. त्या दिवशी अमावास्या. पंधरा पाऊण सव्वाअकरा. खरी भरती 12.05 ला. तब्बल पन्नास मिनिटांचा घोळ! मी लगेच खूश. सापडली ना आजोबांची चूक! रात्री बसून कारणही शोधलं. चंद्राचा महिना तीस तिथींचा. तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाची एक पूर्ण चोवीस तासांची फेरी मारते. 24 तास भागिले 30, म्हणजे तिथीमागे साधारण 48 मिनिटं. पाऊणकी धरते 45. दर तिथीला तीन मिनिटं मागे पडतात. पंधरा तिथींत पाऊण तास. नवा पक्ष लागला की मोजणी पुन्हा एकपासून, आणि साचलेली चूक आपोआप पुसली जाते. वेळापत्रकातल्या बाकीच्या दिवसांत आणखीही बारीकसारीक फरक दिसले, पण मोठा घोटाळा हाच.

सकाळी आजोबांना हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘चौदस-आवसेला थांबाला लागतं, ठाव हाय ना मना.’ आणि वर समजावलं, की लवकर गेलं तर होडीत बसून बिडी ओढता येते. उशिरा गेलं तर होडी चिखलात रुतते आणि पुढच्या भरतीपर्यंत आकाशातले तारे मोजावे लागतात. म्हणजे चूक किती आहे, कुठल्या दिवशी आहे आणि कुठल्या बाजूला आहे, हे सगळं त्यांना आधीपासून माहीत होतं. मला ते शोधायला लॅपटॉप लागला.

आता ‘जुनं ते सोनं’ टाइप भाषण मी करणार नाही, घाबरू नका. पाऊणकीने वेळ कळते, पाणी किती चढणार ते कळत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, एवढा ढोबळ अंदाज तेवढा येतो. बरोबर सेंटिमीटर हवे असतील तर विज्ञानालाच शरण जावं लागतं. आणि ते विज्ञानही काही काल आलेलं नाही. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद 1878 पासून आहे. लॉर्ड केल्विन या शास्त्रज्ञाने 1872 मध्ये भरतीचं भाकीत करणारं यंत्र बनवलं, चाकं आणि कप्प्यांचं. चंद्राच्या ओढीचं एक चाक, सूर्याच्या ओढीचं एक, आणि बारीकसारीक फरकांची आणखी काही. एक दोरी सगळ्यांवरून फिरून बेरीज करायची. 1879 मध्ये तर खास भारतातल्या बंदरांसाठी असं यंत्र लंडनमध्ये तयार झालं. माझं ॲप तेच करतं, फक्त चाकांच्या जागी कोड. म्हणजे दीडशे वर्षांत आपण दोरी काढून टाकली आणि जाहिराती घातल्या!

तुम्ही म्हणाल, आम्ही वाशीला उतरून ऑफिसला जाणारी माणसं, आमचा भरतीशी काय संबंध? अहो, आहे ना! सिडको 1970 मध्ये स्थापन झाली आणि आपलं शहर खाडीकाठी वसत गेलं. त्यातला बराच भाग भराव घातलेला, मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खालचा. मग पावसाचं पाणी जाणार कुठे? त्यासाठी धारण तलाव आहेत, ज्यांना सगळे होल्डिंग पाँड म्हणतात. त्यांच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा. झडप फक्त बाहेरच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून खाडीत जातं. भरतीला खाडीचं पाणी तिला दाबून बंद करतं, आणि तेवढे तास शहराचा पाऊस तलावात साठून राहतो. ना मोटर, ना सेन्सर. शहराचा नळ चंद्र उघडतो आणि चंद्रच बंद करतो. आता या तलावांत गाळ साठलाय, त्यावर खारफुटी वाढलीय, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे गाळ काढायचा तरी पंचाईत. म्हणजे पाणी साठवायची जागा कमी, आणि भरतीचे तास तेवढेच.

हे सगळं आजोबांना विचारत होतो, तेव्हा आईने एक गोष्ट सांगितली. मी ती पहिल्यांदाच ऐकली.

26 जुलै 2005. मी तेव्हा सव्वा महिन्याचा. सांताक्रूझला त्या 24 तासांत 944 मिलीमीटर पाऊस पडला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. बाबा मुंबईत अडकलेले, फोन बंद, लाइट नाही. आणि मला सणसणून ताप. दुपारी आई मला पदराखाली घेऊन दवाखान्यात निघाली. रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी. आजोबा दारात आडवे उभे राहिले. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं, बोटांवर हिशोब केला आणि सांगितलं, पाणी अजून चढणार आहे, सुकती लागेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. आई रडली, भांडली. सासऱ्याशी आयुष्यात तेवढं एकदाच भांडले, म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. तासन् तास ती माझ्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली आणि आजोबा पायरीवरून पाणी बघत बसले. ओहोटी लागली, आणि रात्री पाणी पायरी सोडून खाली गेलं. तेव्हा आजोबा स्वतः पुढे काठी टेकवत चालले आणि मागून आई, मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून. आम्ही दवाखान्यात पोहोचलो. सदर चालू आहे, त्यावरून पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

मी आजोबांना विचारलं, ‘तुमचा हिशोब चुकला असता तर?’ ते म्हणाले, पाऊण तासापेक्षा जास्त चुकत नाय. बस, एवढंच.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतोय. आपण दिवसभर किती वेळांवर विश्वास ठेवतो! टॅक्सीचं ॲप म्हणतं ‘दोन मिनिटं’, आणि आपण गेटवर दहा मिनिटं उभे. जेवण ‘जवळच आहे’, आणि नकाशावरचा तो छोटा स्कूटरवाला एकाच चौकात स्थितप्रज्ञ. नकाशा म्हणतो, पाम बीच रोडने अठरा मिनिटं. यातलं प्रत्येक यंत्र चुकतं, आणि चुकलं म्हणून काही बिघडत नाही. आजोबांची पाऊणकीही चुकतेच की! पण तिची चूक त्यांना पाठ आहे. म्हणूनच तिच्या भरवशावर ते सुनेला दारात अडवू शकले. आपल्या फोनची चूक आपल्याला पाठ नाही. तो बरोबर असतो तोपर्यंत आपण त्याच्यावर जीव टाकतो, आणि चुकला की शिव्या घालतो. मधलं काहीच नाही. आता तर एआय आहे. विचारा काहीही, इतक्या आत्मविश्वासाने उत्तर देतं की विशाखापट्टण की वाशी, हे विचारायचं सुचतच नाही.

तर आमच्या ॲपमध्ये आम्ही एक बदल केलाय. भरतीच्या वेळेखाली दोन ओळी जास्त आहेत. एक, ही वेळ कुठल्या बंदराची आहे. दोन, आजच्या तिथीची पाऊणकी काय सांगते आणि दोन्हींत किती मिनिटांचा फरक आहे. फरक तासाच्या वर गेला की स्क्रीन लाल होतो. टॉपर म्हणाली, युजरला कन्फ्युजन होईल. म्हटलं, होऊ दे ना थोडं!

परीक्षक बाईंनी व्हायवात विचारलं, ‘ॲक्युरसी किती?’ मी म्हटलं, ‘मॅडम, तिथी कुठली?’ त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या त्यांच्या आईलाही पाऊणकी यायची, मालवणची आहे. मार्क अजून लागायचेत.

आजोबांना ॲप दाखवलं तेव्हा त्यांनी फोन लांब धरला, डोळे बारीक केले आणि आधी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं. मग मान हलवली. माझी पाऊणकी आता नऊपर्यंत पाठ आहे, नऊ पाऊण पावणेसात. पुढे अडखळतो. रोज संध्याकाळी ते म्हणून घेतात, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही एक करा. आज घरी गेलात की तिथी बघा, पाऊणपट करा आणि मग फोनमध्ये तपासा. लोकेशन मात्र आधी बघा हां! आणि येत्या पावसाळ्यात ऑफिसमध्ये कुणी ‘निघू का, थांबू’ विचारलं, तर आधी किती वाजता भरती आहे ते सांगा. चला, पळतो. सबमिशन उद्या आहे आणि माझा प्रिंटर नेहमीप्रमाणे ‘रेडी’ म्हणतोय.